एका नावाच्या नऊ याऱ्या

धाडचा माणूस उंद्रीत पोचला तेव्हा जानराव मिस्त्री जेवायला बसला होता. माणूस दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही, पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसाच राहिला.

"मिस्त्री, यारी सुटली," तो म्हणाला.

"सुटली म्हंजे?"

"खीळ सुटली. खोदनारा कारभारी बकेटीत होता. वर येऊन राह्यला होता. अर्ध्यातून खाली गेला."

जानरावनं हातातला घास ताटात ठेवला. "खीळ सुटत नाई," तो म्हणाला. "एकवेळ तुटंल. पन सुटनार नाई."

"सुटली मिस्त्री. दांडा माह्याच हातात होता."

"जिता हाये?"

"बुलढान्याले नेला. नेला तवा बोलत होता."

जानरावची बायको जनकाबाई चुलीपुढून उठून दारात आली. त्या माणसाचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळलेला तिनं पाहिला आणि तांब्या त्याच्याकडून काढून घेतला. जानरावनं ताटातच हात धुतला, खुंटीवरचा सदरा घातला, हत्यारांची पिशवी घेतली. "खीळच," वाटेनं जाताना तो स्वतःशीच म्हणत होता, "खीळच सुटली? कशी सुटंल?"

ते सन त्र्याहत्तरचं. आदल्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. ज्याच्या त्याच्या शिवारात विहिरी खोल करायचं काम चाललं होतं आणि त्या कामाला यारी लागायची. यारी म्हणजे विहिरीतला मुरूम-दगड वर ओढायचं हाताचं यंत्र. काठावर घोडा म्हणजे लोखंडी सांगाडा, पुढे झुकलेला खांब, त्याच्या टोकाला कप्पी, मागे तार गुंडाळायचा ड्रम आणि ड्रमाच्या दोन्ही अंगांना फिरवायचे दांडे. ड्रमाला जोडून एक दातेरी चाक असतं. त्या चाकावर लोखंडी खीळ टेकलेली असते. ओझं वर येताना ती एकेका दात्यावरून टक टक करत सरकते, पण चाकाला उलटं फिरू देत नाही. दांडेवाले दमले की हात सोडून उभे राहतात, तेव्हा सगळा भार त्या खिळीवर असतो. माणसं खाली-वर जातात तीही त्याच बकेटीतून.

बाहेरून यारी आणणं लहान शेतकऱ्याला झेपायचं नाही. जानराव भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात आठ वर्षं फिटर होता. बाप गेल्यावर दोन एकरांसाठी गावी परतला आणि अडुसष्ट साली त्यानं भंगारातलं लोखंड जमवून आपली यारी बांधली. वजनाला हलकी, बैलगाडीत मावणारी, गावच्या लोहाराला छिन्नी-कानशीनं करता येईल अशी. लोक पाहायला आले. कोणी म्हणालं, मिस्त्री, कोणाले दाखवू नका, कारखाना काढा. त्यानं उलटं केलं. खाकी कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढला, सगळी मापं लिहिली, आणि जो मागेल त्याला उतरवून घेऊ दिला. त्याच्या अटी दोनच होत्या. आपल्याला दिलं तसं पुढच्यालाही द्यायचं, आणि काही बदललं, सुधारलं, तर उंद्रीला कळवायचं.

"कळवलं म्हंजे सगळ्याइले कामी येईल," तो म्हणायचा. "मले नाव नको. पन लपवालपवी नको."

पाच वर्षांत सात गावांत अशा याऱ्या झाल्या. उंद्रीच्या दोन धरून नऊ. कोणी त्यांना कोणत्याही गावाच्या म्हणो, खोदणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच नाव होतं, जानरावची यारी.

चिखलीला गाडी बदलून तो धाडला पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. विहीर उत्तमरावांची. उत्तमराव म्हणजे धाडच्या शिवारातले मोठे जमीनवाले, शेतातच लोहारकामाची शेड असलेले. ते विहिरीजवळ बाजेवर बसले होते. नेहमी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण जानरावला पाहून नुसता उठून उभा राहिला.

"कशाले हात लावला नाई," ते म्हणाले. "जसं होतं तसं हाये."

तार विहिरीत लोंबत होती. दांडा वाकला होता. जानरावनं आधी काठावरून खाली पाहिलं. तळाशी गुडघाभर गाळ होता आणि त्या गाळात बकेट तिरपी रुतली होती. त्यानं मान मागे घेतली आणि तो चाकाजवळ बसला.

खीळ शाबूत होती. वाकली नव्हती, तुटली नव्हती, झिजलीही नव्हती. तिच्या कडेला छिन्नीनं मारलेली एक छोटी खूण होती, कट्यारीच्या पात्यासारखी. ही खूण जानराव स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूवरच मारायचा.

"ही माही खीळ हाये," तो म्हणाला.

"तुमचीच," उत्तमराव म्हणाले. "आमची तुटली. पंधरा दिवसांआंधी मानूस धाडला होता तुमच्याकडं. तुमीच देल्ली."

जानरावला आठवलं. पोरगेलासा गडी आला होता, यारीची खीळ द्या म्हणाला होता. घरात एक जास्तीची तयार होती. त्यानं पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून दिली होती. चाक कसं आहे, दाते किती, एक शब्द विचारला नव्हता. आपल्या यारीची खीळ आपल्या यारीला बसणारच, यात विचारायचं काय?

त्यानं खीळ चाकावर टेकवली. ती दात्यांच्या खाचेत उतरली नाही. तिचं नाक जाड होतं आणि खाच अरुंद होती. खीळ दोन दात्यांच्या शेंड्यांवर नुसती टेकून राहिली होती, दारात पाय अडवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. वरून पाहिलं तर बसल्यासारखीच दिसत होती. मुरमाच्या हलक्या खेपा तिनं पंधरा दिवस धरल्याही होत्या.

जानरावनं दाते मोजले. पुन्हा मोजले. "चोवीस?" तो म्हणाला. "माह्या नकाशात सोळा हायेत. हे चाक कुठलं?"

"किसनरावच्या यारीवरून उतरवलं. रोहिणखेडले माही बहीन देल्ली हाये, तिथं पाह्यली. चांगली वाटली."

"उंद्रीले काऊन नाई आले?"

उत्तमराव पुन्हा बाजेवर जाऊन बसले. बौद्धवाड्यातल्या मिस्त्रीच्या ओसरीवर जाऊन नकाशा मागणं त्यांना त्या वेळी कसं वाटलं असेल, हे दोघांनाही कळत होतं. खीळ मागायला गडी पाठवता आला, एवढंच.

जानराव चाकाजवळ बसूनच राहिला. लोखंडात चूक असती, कोणी दारू पिऊन दांडा सोडला असता, तर त्याला समजलं असतं. इथं चाक चांगलं होतं, खीळ चांगली होती, दोन्ही मन लावून केलेली होती. आणि एका माणसाला अठरा हात खाली टाकायला तेवढं पुरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बुलढाण्याच्या दवाखान्यात गेला. कारभारी खाटेवर होता. मांडीचं हाड मोडलं होतं, खुबा सरकला होता, आणि पाय वजन बांधून ताणून ठेवला होता. डोळे उघडे, पण नजर छताला. पायथ्याशी त्याची बायको झुंबरबाई बसली होती. वीस वर्षं नवऱ्याबरोबर विहिरीच्या कामावर टोपली उचलणारी बाई.

"मी जानराव," तो म्हणाला. "उंद्रीचा."

झुंबरबाईनं त्याला नीट पाहून घेतलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"त्याले उतरायचं नव्हतं," ती म्हणाली. "नवी खीळ लावली तवा म्हनला, दोन दिस नुसता मुरूम काढू, मानूस नको. मंग कोनीतरी सांगतलं, जानरावच्या हातची हाये. तवा बसला. दुसऱ्या कोनाची असती तर नसता बसला."

जानरावनं खाटेची दांडी धरली. कारभारीनं मान किंचित वळवली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "टक टक आवाज तर येऊन राह्यला होता हो."

परतीच्या गाडीत जानरावला ते एकच वाक्य ऐकू येत होतं. आवाज येत होता. सगळं ठीक आहे असं सांगणारा आवाज शेवटपर्यंत येत होता.

घरी आल्यावर त्यानं जनकाबाईला म्हटलं, "माह्या नावावर मानूस बसला आन् माह्याच नावानं पडला."

"तुमी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाई. पन बाकीच्या याऱ्या? सात गावांत मानसं उतरून राह्यली हायेत, आज, आत्ता. कोनाची खीळ कोनाच्या चाकात हाये, कोनाले ठाऊक?"

जनकाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मंग बसले काऊन? निरोप धाडा ना."

त्यानं त्याच संध्याकाळी सातही गावांना निरोप धाडला. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हाती, बाजाराला जाणाऱ्यांच्या हाती. माणूस उतरवू नका. चाक आणि खीळ काढून धाडच्या बाजारच्या दिवशी उत्तमरावांच्या विहिरीवर घेऊन या. उत्तमरावांना विचारायचं राहिलं होतं, पण ते नाही म्हणाले नाहीत.

बाजारच्या दिवशी सकाळी लोक येऊ लागले. कोणी डोक्यावर चाक घेऊन, कोणी एसटीच्या टपावर बांधून, एकजण सायकलच्या कॅरिअरवर. किसनराव रोहिणखेडहून आला, घाटावर तीन ठिकाणी गाडी बदलून. तो जातीचा सुतार, पण लोखंडात हात बसलेला. बारीक अंगाचा आणि तिखट तोंडाचा माणूस. उत्तमरावांनी विहिरीशेजारी गोणपाट अंथरायला लावलं होतं. त्यावर नऊ चाकं मांडली गेली आणि प्रत्येकापुढे त्याची खीळ.

जानराव पहिल्या खिळीपासून सुरू झाला. ती उचलायची, नऊही चाकांत बसवून पाहायची. मग दुसरी. आधी लोक आपापसात बोलत होते. चौथ्या खिळीपर्यंत सगळे गोणपाटाभोवती गोळा झाले. दुसरीकडून आणलेल्या दोन सोडल्या तर प्रत्येक खीळ आपल्या स्वतःच्या चाकात बसत होती आणि दुसऱ्या कुठल्याही चाकात बसत नव्हती. कुठं नाक जाड, कुठं तिरपं, कुठं पिनेचं भोक अर्धा बोट वर. एकानं चाक मोठं केलं होतं, एकानं भंगारात सापडलेलं दुसऱ्याच कशाचं तरी चाक लावलं होतं. लांबून पाहिलं तर नऊ भावंडं. जवळ जावं तर एकमेकांशी ओळखदेख नाही.

झुंबरबाई दवाखान्यातून आली होती, भाकरी बांधून न्यायला. ती गोणपाटाच्या कडेला उभी होती. "म्हंजे एकबी नाई?" ती म्हणाली. "नऊमधून एकबी दुसऱ्याले लागत नाई? आन् आमी कोनत्याबी गावात डोळे मिटून बसून राह्यलो?"

ज्या माणसानं सायकलवरून चाक आणलं होतं तो खाली बसला. निरोप यायच्या आदल्या दिवशीच तो स्वतः त्या यारीतून खाली गेला होता, आणि त्याच्या यारीवरची खीळ शेजारच्या गावातून उसनी आणलेली होती.

जानरावचा आवाज चढला. "नकाशात काय लिव्हलं होतं? सोळा दाते. लिव्हलं होतं का नाई? काऊन बदललं? आन् बदललं त सांगतलं काऊन नाई? आता एक करा. सगळी चाकं मोडा. माह्या नकाशावरून पुन्ना करा. जशीच्या तशी. एक सूत इकडं नाई, एक सूत तिकडं नाई."

"सगळंच?" उत्तमराव म्हणाले. "माहा खांब पाइपाचा हाये. तुमच्यापेक्षा दुप्पट वजन घेतो. तोबी मोडू?"

"मी त घोडाच बदलला," किसनराव म्हणाला. "आमच्याकडं डोंगर हाये, मिस्त्री. बैलगाडी जात नाई. चार मानसाइच्या खांद्यावर यारी न्यावं लागते. तुमची जशीच्या तशी केली असती त रस्त्यातच पडली असती. मंग विहिरी काय उंद्रीलेच खोदायच्या का?"

"खांबाचं मी बोलून नाई राह्यलो."

"जशीच्या तशी म्हनले ना तुमी?"

"म्हनलो. मानूस मरता मरता वाचला, किसनराव!"

"ते मलेबी दिसते." किसनराव गोणपाटावर पुढे सरकला. "पन मले एक सांगा. जशीच्या तशी, म्हंजे कोनत्यासारखी? उंद्रीहून दोन चाकं आली हायेत. यातलं तुमचं कोनतं?"

त्यानं दोन चाकं उचलून शेजारी शेजारी ठेवली. एकाला सोळा दाते होते. दुसऱ्याला अठरा.

जानरावनं ती दोन्ही चाकं स्वतःच आणली होती. स्वतःच मांडली होती. सकाळपासून खिळी लावून पाहत होता, आणि जुन्या चाकाची खीळ नव्यात बसली नाही हेही त्यानं हातानं अनुभवलं होतं. तरी ते त्याच्या मनापर्यंत पोचलं नव्हतं. आता पोचलं. सत्तर साली जुन्या चाकाचा एक दाता तडकला, म्हणून दुसरी यारी करताना त्यानं सोळाचे अठरा केले होते. किरकोळ बदल होता. घरच्या घरीच होता. नकाशावर मात्र सोळाच राहिले. त्यानं कोणाला कळवलं नव्हतं. कळवायचं कोणाला? सगळे त्यालाच कळवणार होते.

धाडला दिलेली खीळ अठराची होती. समजा उत्तमराव उंद्रीला आले असते, त्याच्या ओसरीवर बसले असते, त्याचाच नकाशा अक्षर न् अक्षर उतरवून सोळाचं चाक केलं असतं, तरी ती खीळ बसली नसती.

तो खाली बसला. किसनरावनंही मान खाली घातली. एवढ्यासाठी त्यानं विचारलं नव्हतं.

"माहंबी चुकलं," जानराव म्हणाला. मग त्यानं अठराचं चाक पुढे सरकवलं. "सगळ्यात आंधी माहं चुकलं. म्याच नाई सांगतलं."

झुंबरबाई त्याच्याकडे पाहत होती. तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "चुकलं कोनाचं ते मंग ठरवा. आंधी ठरवा, मानसानं बसायचं कशात?"

त्यावर उत्तमराव उठले. "वजन लावून पाहू," ते म्हणाले. "बोलून काय कळनार? लोखंडालेच विचारू."

वाकलेला दांडा सरळ करून यारी उभी केली. बकेटीत दगड भरले, दोन माणसांच्या वजनाचे. एकेक चाक आपापल्या खिळीसह चढवायचं, पाच हात वर ओढायचं आणि दांडे एकदम सोडून द्यायचे. सगळे लांब उभे राहिले. जानरावचं सोळाचं चाक पहिलं चढलं. दांडे सुटले, चाक चांगलं वीतभर मागे आलं आणि मग धाडकन अडकलं. तार थरथरली. खिळीची पिन वाकली. अठराच्या चाकाचंही थोडंफार तेच झालं. एका गावचं चाक तर तसंच फिरत गेलं आणि दगडांची बकेट गाळात जाऊन पडली. त्या आवाजानं झुंबरबाईनं दोन्ही कान झाकले. त्या गावचा माणूस चाकाकडे पाहत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "यातूनच उतरलो. अरे, यातूनच उतरलो."

किसनरावचं चोवीस दात्यांचं चाक त्याच्या स्वतःच्या बारीक नाकाच्या खिळीनं दोन बोटंच मागे आलं आणि थांबलं. गचका म्हणावा असा बसलाच नाही. त्यांनी तिप्पट दगड घातले. तरी थांबलं.

जानराव त्या चाकाजवळ गेला. दाते पाहिले, त्यांचा उतार पाहिला, खिळीचं नाक अंगठ्यानं चाचपलं. दाते बारीक होते म्हणून मागे यायला जागाच कमी होती. चाक रुंदीला जाड होतं म्हणून दात्यांना बळ होतं. पाच वर्षांत हे त्याला सुचलं नव्हतं. त्याच्याच यारीचं हे रूप त्याच्यापेक्षा सरस निघालं होतं, आणि दोन वर्षं ते रोहिणखेडच्या डोंगरात त्याला ठाऊक नसताना चालू होतं.

"हे तुमी मले सांगतलं असतं त," तो किसनरावला म्हणाला.

"सांगनार होतो. वाटलं, तुमाले राग येईल. तुमच्या नकाशात खोट काढली म्हनसान."

"आला असता," जानराव म्हणाला. खोटं बोलायची त्याची ताकदच उरली नव्हती. "राग आला असता. पन कारभारी पडला नसता."

मग दुपारभर बोलणं झालं. भांडण झालंच नाही असं नाही. उत्तमरावांना आपलं चाक मोठं ठेवायचं होतं. एकाला पिनेचं भोक बदलायचं नव्हतं, कारण त्याचा घोडा ओतीव होता. पण सकाळच्या त्या नऊ चाकांकडे नजर गेली की प्रत्येकजण अर्ध्या वाक्यात थांबे. शेवटी ठरलं ते असं. खांब कोणी पाइपाचा करो, कोणी लाकडाचा. घोडा डोंगरात हलका करो, सपाटीवर जड करो. कप्पी, दांडे, रंग, ज्याचं त्यानं पाहावं. पण चाकाचे दाते, खीळ, तिची पिन आणि बकेट अडकवायचा आकडा, ही चार नऊही याऱ्यांत एकच. किसनरावचं माप. त्यात कोणी एकट्यानं फरक करायचा नाही. करायचाच झाला तर सगळ्यांनी बसून, वजन लावून, आणि नऊही याऱ्यांत एकाच हंगामात.

"आन् जानरावनंबी नाई," जानराव स्वतःच म्हणाला.

पोलादी पट्टीतून दाते आणि खीळ तपासायचे तीन साचे त्यानं कापले, एकावर एक ठेवून घासलेले. एक उंद्रीला, एक रोहिणखेडला, एक धाडला. साच्यात बसलेल्या चाकावर आणि खिळीवर सारखी खूण मारायची. खूण नसलेल्या यारीतून मुरूम काढा, माणूस उतरवू नका. साच्यावर नाव कोणाचं घालायचं, असं कोणीतरी विचारलं. जानराव म्हणाला, कोणाचंच नको.

घरी येऊन त्यानं आपली दोन्ही चाकं ऐरणीवर घेतली आणि घणानं मोडली. जनकाबाई घणाचा आवाज ऐकून बाहेर आली. पाच वर्षांपूर्वी पहिलं चाक झालं तेव्हा तिनंच ते राखेनं घासून चकचकीत केलं होतं. तुकडे तिनंच टोपलीत भरले.

कारभारी चार महिन्यांनी घरी आला. पाय दोन बोटं आखूड राहिला. विहिरीत उतरणं संपलं. उत्तमरावांनी त्याला शेडवर कामाला घेतलं आणि धाडचा साचा त्याच्याकडे राहिला. तो चाक तपासायला बसला की कोणी घाई करत नसे. एकदा उत्तमरावांच्याच नव्या खिळीला त्यानं खूण मारायला नकार दिला. केसाएवढा फरक होता. उत्तमराव तणतणले, कामावरून काढतो म्हणाले. तो म्हणाला, काढा. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी खीळ घासून आणली.

पण झुंबरबाई जानरावच्या पुढ्यात कधी नीट बोलली नाही. तो आला की चहा ठेवायची आणि आत जायची. त्याला ते बरोबरच वाटायचं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात किसनरावनं नवा दाता काढला. वरून किंचित गोलाई दिलेला. खीळ कमी झिजते म्हणाला. सगळ्यांना रोहिणखेडला बोलावलं. सगळे गेले. वजन लावून पाहिलं, खरंच चांगला होता. पण सुगीचे पैसे कोणाच्या हातात उरले नव्हते, नऊ चाकं एकदम बदलणं कोणाला जमणार नव्हतं. दिवसभर वाद झाला. किसनराव चिडून म्हणाला, "माप माहं, साचा माहा, आन् मलेच बदलता येत नाई? ही कुठली रीत हाये?"

"तुमचं माप आता तुमचं राह्यलं नाई," उत्तमराव म्हणाले.

किसनराव उठून आत निघून गेला. जेवायलाही बाहेर आला नाही. जानराव परतताना वाटभर काळजीत होता. हा माणूस हट्टी होता, हुशार होता, आणि हुशार माणसाला चांगलं सुचलेलं दाबून ठेवणं किती जड जातं हे जानरावला स्वतःवरून ठाऊक होतं. आता हा रोहिणखेडला गोल दाते लावणार. मग त्या डोंगरातून कोणीतरी एक खीळ उसनी नेणार.

तीन आठवडे त्यानं कसेबसे काढले. चौथ्या आठवड्यात तो कोणाला न सांगता रोहिणखेडला गेला. किसनराव घरी नव्हता, विहिरीवर होता. जानराव विहिरीवर गेला. यारी चालू होती, एक माणूस वर येत होता. त्यानं लांबूनच चाकाकडे पाहिलं. दाते जुनेच होते. चोवीस, सरळ उताराचे, कडेला खूण मारलेली.

किसनरावनं त्याला पाहिलं आणि कशासाठी आला हे ओळखलं.

"तपासाले आले का?" तो म्हणाला.

"हाव."

किसनरावला राग आला होता, पण हातातलं काम त्यानं थांबवलं नाही. माणूस काठावर उतरेपर्यंत तो चाकाजवळून हलला नाही. मग शेजारच्या पेटीतून त्यानं गोल दात्यांचं चाक काढलं, फडक्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं.

"ठेवलं हाये," तो म्हणाला. "तुमी सगळे हो म्हनसान तवा लावू. तवर पडू द्या."

जानरावनं ते चाक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि एकेका दात्याच्या गोलाईवरून बोट फिरवत ती किसनरावनं कशी काढली ते विचारायला सुरुवात केली.